अडकित्ता जाताना सुटला, येताना पकडला. बाबांना काय सांगू? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

इंदूरहून लिहितोय. प्रश्न विमानतळावरच्या तपासणीचा आहे आणि घरातल्या भांडणाचाही. पुढच्या गुरुवारी ताईच्या मुलाच्या मुंजीला पुण्याला जायचंय. आईचे दोन्ही गुडघे बदललेले, रात्रभर गाडीत बसवणं नको म्हणून विमानाची तिकिटं काढली. आता बाबा (वय ७३) अडून बसलेत. "तुम्ही उडा, मी रेल्वेने येतो. त्या नाटकात मला काम करायचं नाही."

नाटक म्हणजे सिक्युरिटी चेक.

गेल्या वर्षी आम्ही विमानाने गेलो होतो. बाबांच्या हातातल्या पिशवीत पानाची चंची, चंचीत आजीचा पितळी अडकित्ता. मोराच्या आकाराचा, खिळ्यात वर्षानुवर्षांची सुपारीची पूड बसलेली. जाताना तो मशीनमधून आरामात गेला. कुणाला दिसला नाही, आम्हालाही आठवला नाही. येताना दुसऱ्या विमानतळावर पिशवी पट्ट्यावर दोनदा मागेपुढे झाली, मग जवानाने चंची ट्रेमध्ये उलटी केली. "अंकलजी, ये नहीं जाएगा." त्याने अडकित्ता उघडला, पात्यावरून अंगठा फिरवला, मोराकडे क्षणभर बघितलं आणि लायटर-कात्र्यांच्या डब्यात टाकला. (विमानतळांची नावं लिहीत नाही, उगाच कुणाची नोकरी जायची.)

तेव्हापासून कसेरा बाजारातून आणलेला स्टीलचा अडकित्ता वापरतात आणि "याला धारच नाही" म्हणताना रोज विषय निघतो. बाबांनी जन्मभर ऑडिट केलं. त्यांचं म्हणणं, एकच वस्तू एकदा दिसते आणि एकदा दिसत नाही, म्हणजे हे सगळं नशिबावर चाललंय. वर २०१५ सालची अमेरिकेतली बातमी आहेच. तिथल्या सरकारी माणसांनीच वेश बदलून नकली बॉम्ब आणि हत्यारं न्यायचा प्रयोग केला, तर ७० पैकी ६७ वेळा ती पकडली गेली नाहीत. "सत्तरात तीन मार्क! कुठलं बोर्ड पास करेल?"

मी कंदाहारची आठवण दिली. डिसेंबर १९९९ मध्ये विमान पळवलं गेलं, २००० पासून जयपूरने सुरुवात करून विमानतळ एकेक करत सीआयएसएफ या केंद्रीय सुरक्षा दलाकडे गेले, तेव्हापासून तपासणी कडक झाली, वगैरे. तर म्हणाले, ते विमान काठमांडूहून सुटलं होतं, तिथे जयपूरचा जवान काय करणार? मी गप्प.

पॉवर बँकेवरून तर हसावं की रडावं कळेना. मोठ्या बॅगेत ठेवली होती, काउंटरवर काढायला लावली आणि "हँडबॅग में रखिए" म्हणाले. बाबा म्हणतात, धोक्याची वस्तू मुद्दाम माझ्या मांडीवर?

तर जाणकारांनी सांगावं, या तपासणीने आपण खरंच सुरक्षित होतो का? भावनिक उत्तर नको, बाबांसमोर टिकेल असं हवं. शिवाय आईला ओटीसाठी सुक्या खोबऱ्याच्या वाट्या, लिंबाचं लोणचं आणि दोन किलो शेव न्यायची आहे. काय कुठे ठेवू?

जुना लोडर:
विमानतळावर सामान हाताळण्यात माझी अर्धी नोकरी गेली. तुमच्या बाबांचं निम्मं बरोबर आहे. अडकित्त्याने आज कुणी विमान पळवू शकत नाही. ११ सप्टेंबर २००१ नंतर कॉकपिटची दारं भक्कम झाली आणि उड्डाणात आतून बंद असतात. (त्याच दारामुळे २०१५ मध्ये जर्मनविंग्जचा कॅप्टन बाहेर अडकला आणि सहवैमानिकाने विमान आल्प्समध्ये आपटलं. १५० माणसं गेली.)

पण ते सत्तरात तीन... परीक्षा घेणारे घरचेच होते, फट कुठे आहे ते त्यांना ठाऊक. बाहेरच्याला ते माहीत नसतं. आपली वस्तू सुटणार की पकडली जाणार हे आधी कळत नाही, तुमच्या अडकित्त्यासारखंच. बाबा ज्याला नशीब म्हणतात त्याच्यावरच निम्मं काम भागतं. त्यांना विचारा, ऑडिटला सगळी व्हाउचरं तपासायचात का? नमुन्याला चार काढायचात, पण कारकून सगळीच नीट लावून ठेवायचा ना?

स्क्रीनसमोरचा माणूस कंटाळतो, हे खरं. म्हणून सॉफ्टवेअर मधूनच एखाद्या बॅगेत खोटी बंदूक दाखवून त्याला जागं ठेवतं. युरोपात तर सलग वीस मिनिटांच्या वर सहसा बसवत नाहीत.

आणि रांगेत दिसतं तेवढीच सुरक्षा नसते. २३ जून १९८५ ला एअर इंडियाचं कनिष्क विमान पाडलं, ३२९ माणसं गेली. बॉम्बची बॅग विमानात होती, बॅगवाला चढलाच नव्हता. आज प्रवासी आला नाही तर त्याची बॅग शोधून उतरवतात, विमानाला उशीर झाला तरी. या कामाने माझी कंबर गेली, पण त्यावर मी कधी कुरकुरलो नाही. २००६ मध्ये ब्रिटनमधून सुटणाऱ्या विमानांत पेयांच्या बाटल्यांतून स्फोटकं न्यायचा कट होता, हातातल्या सामानात द्रव पदार्थाची बाटली १०० मिलीपर्यंतचीच, हा नियम तिथून आला. ती माणसं पोलिसांच्या पाळतीत सापडली, मशीन लागलंच नाही. बूट काढण्यावर मात्र मी बाबांच्या बाजूने. २००१ च्या डिसेंबरात एकाने बुटात बॉम्ब आणला, त्याला प्रवाशांनी आणि कर्मचाऱ्यांनी धरलं. त्यावरून अमेरिकेत वर्षानुवर्षं सगळ्यांचे बूट उतरवले आणि जुलै २०२५ मध्ये ते बंद केलं.

पॉवर बँक मांडीवरच बरी. लिथियमच्या बॅटरीने पेट घेतला तर केबिनमध्ये दिसतो, विझवता येतो. खाली सामानात पेटली तर कोण बघणार? १०० वॉट-अवरपर्यंत चालते. २०,००० एमएएच म्हणजे ३.७ व्होल्टने गुणून हजाराने भागलं की ७४ वॉट-अवर.

रामबागची सून:
खोबऱ्याच्या वाट्या विसरा! सुकं खोबरं हातात नाही, मोठ्या बॅगेतही नाही. तेलकट असतं, आपोआप तापून पेटू शकतं, म्हणून ज्वालाग्राही मालात धरतात. पुण्यात उतरल्यावर तुळशीबागेत घ्या. लोणचं डबल पिशवीत बांधून मोठ्या बॅगेत, शेव खुशाल हातात. अडकित्ताही मोठ्या बॅगेत चालतो. आणि काकूंना सांगा, गुडघ्यांतल्या धातूमुळे तपासणीच्या दारात आवाज होईल, घाबरू नका. पडद्याआड बाईच तपासते. आधी सांगितलं की लवकर सुटका होते.

मूळ प्रश्नकर्ता:
दोघांचे आभार. बाबांना वाचून दाखवलं. व्हाउचरच्या ओळीवर थांबले, परत वाचायला लावली, मग म्हणाले, "हा माणूस लोडर नसणार." खोबऱ्यावरून आई रुसली आहे, तुळशीबागेतलं खोबरं खवट असतं म्हणे. बाबा विमानाने यायला तयार झालेत, स्टीलचा अडकित्ता आत्ताच मोठ्या बॅगेत गेला.

एक अडचण उरली. बाबांनी भिंग घेऊन पॉवर बँक तपासली, तिच्यावरचा आकडा घासून पुसलेला आहे. आकडा वाचता येत नसेल तर नेऊ देतात का? कुणाला अनुभव असेल तर गुरुवारच्या आत सांगा.