शब्दचर्चा: सॉफ्ट कॅपिंगला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न: हिंजवडीत आमच्याकडे मेनफ्रेमला (बँका वगैरे वापरतात त्या मोठ्या संगणकांच्या कामाला) नवीन मुलं आलीत, त्यांच्यासाठी मराठीत नोट्स काढतेय. डिफाइंड कॅपॅसिटीला (वापरासाठी ठरवून दिलेल्या आकड्याला) 'कमाल मर्यादा' आणि सॉफ्ट कॅपिंगला (वापर त्या आकड्यावर रोखण्याला) 'कमाल मर्यादा लावणे' लिहिलंय. चालेल का?

उत्तर: ताई, 'कमाल मर्यादा' नका लिहू. आपल्याकडे हा शब्द १९६१ च्या शेतजमिनीच्या कायद्यातून लोकांच्या तोंडी बसलाय, ऐकला की त्याच्या वर काहीच ठेवता येत नाही असंच वाटतं, आणि इथे नेमकं तसं नाहीये. इथे आकडा असतो तो मागच्या चार तासांच्या सरासरीला. समजा एलपारला (मेनफ्रेमच्या एका स्वतंत्र भागाला) १०० एमएसयू (वापर मोजायचं एकक) दिलेत, तीन तास ६० ने चालला आणि चौथ्या तासाला व्याजाचे नि स्टेटमेंटचे जॉब सुटून १८० वर गेला, तरी सरासरी ९० च, म्हणजे कॅपिंग लागतच नाही. सरासरी १०० च्या वर गेली की मग डब्ल्यूएलएम (कामांना आपोआप क्षमता वाटून देणारी यंत्रणा) एलपारला १०० वर आणून ठेवतो. तेव्हा सगळ्यात आधी मार खातो तो कमी इम्पॉर्टन्सचा बॅच (एकगठ्ठा चालणारे जॉब), जॉब पडत नाही पण रखडतो, सकाळी ऑनलाइन चालू व्हायच्या आत संपेल की नाही याची धाकधूक. आयबीएमचं सॉफ्टवेअरचं महिन्याचं बिल (दोन तारखेपासून पुढच्या एक तारखेपर्यंत) त्या महिन्यातल्या सर्वांत चढ्या सरासरीवर लागतं, म्हणून तर हा सगळा खटाटोप. आयबीएमच्याच टेलर्ड फिट नावाच्या दुसऱ्या बिलिंगच्या प्लॅनमध्ये एकूण वापर मोजतात, ते वेगळं.

त्यामुळे मी आकड्याला 'ठरवलेली क्षमता' म्हणेन आणि क्रियेला 'चाप लावणे'. खर्चाला चाप आपण रोज म्हणतोच, आणि चाप लागला म्हणजे काम बंद पडलं असा अर्थ कुणी घेत नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण नवीन मुलं कॅपिंग म्हणजे जॉब थांबवणं असंच धरून चालतात.

प्रश्न: चाप जरा पेपरातला वाटतो. 'लगाम' कसा?

उत्तर: लगाम चांगलाय पण तो कुणाच्या तरी हातात लागतो. रात्री ऑपरेटर इनिशिएटर (रांगेतले जॉब उचलून चालू करणारे) कमी करतो, एखादा जॉब क्लास (जॉबचा गट) होल्डवर टाकतो, त्याला लगाम बिनधास्त लिहा, तिथे जॉब खरंच रांगेत थांबतात. डब्ल्यूएलएम आपोआप करतो त्याला मात्र चापच ठेवा, आणि पहिल्यांदा येईल तिथे शेजारी 'सॉफ्ट कॅपिंग' देवनागरीत लिहाच, मुलांना स्क्रीनवर तोच शब्द दिसणार आहे.