परत आलेला डबा : मुलांची मानसिक आजारांवरची औषधं आणि घरात दिसलेलं

दादरकरीण

मुलगा नऊ वर्षांचा, चौथीत. एडीएचडीसाठी, म्हणजे लक्ष टिकत नाही, चुळबुळ थांबत नाही त्यासाठी, जूनपासून मिथाइलफेनिडेट चालू आहे. सकाळी एकच गोळी, दिवसभर पुरणारी. पहिल्याच आठवड्यात बाईंनी वहीत लिहून पाठवलं, 'आज पूर्ण तास जागेवर बसला.' ते वाचून मी ओट्याशीच रडले. मग डबा उघडला. दोन्ही पोळ्या तशाच, भेंडीवर वाफेचं पाणी साचलेलं. तेव्हापासून रोज तेच. चारच्या सुमाराला औषध उतरतं तेव्हा पेन्सिलीचं टोक मोडलं एवढ्यावरून अर्धा अर्धा तास रडारड. आणि रात्री दहाला, मी ओटा पुसून झाल्यावर, 'आई, भूक लागलीय.'

सासूबाई म्हणतात, पोराचं रक्त आटवताय. मी त्यांच्याशी तावातावाने भांडते आणि तो झोपला की त्याच्या बरगड्या मोजते.

खोक्यातल्या कागदावर मुंग्यांएवढ्या अक्षरांत ढीगभर त्रास छापलेत. भूक मंदावते हेही आहे. पण डॉक्टर विचारतात, 'काही त्रास?' आणि बाहेर वीस जण ताटकळलेले बघून मी 'नाही, तसं काही नाही' म्हणून मोकळी होते. परत आलेला डबा हाच तो त्रास, हे मला तीन महिने सुचलंच नाही. सांगितलं तेव्हा त्यांनी लगेच वजन केलं. सव्वा किलोने कमी. उंची, बीपी दर भेटीला बघायचं असतं, ते तेव्हापासून नीट सुरू झालं.

म्हणून विचारते, तुमच्या घरात काय दिसलं? कागदावरचं नको, डोळ्यांनी पाहिलेलं लिहा. डॉक्टरांची, हॉस्पिटलांची नावं नकोत. आणि 'बंद करून टाका' हा सल्ला इथे कोणीही देऊ नये.

मुलुंडची_मावशी

सेम टू सेम. आमच्याकडे गोळीआधी नाश्ता, हा नियम केला. साडेसहाला उठवून पोहे नाहीतर दोन अंडी पोटात, मग गोळी. गोळी आधी दिलीत की गेलं! दुपारचा डबा मी मनातून सोडूनच दिला, चार घास खाल्ले तर वाढदिवस. रात्री नऊचं जेवण हेच खरं जेवण, त्यात तूप सढळ.

बोरिवली_स्लो

आमचं उलटं, ताई. मुलगा अकरा वर्षांचा, ऑटिझम. स्वतःचा हात चावायचा, मनगटावर घट्टे पडले होते. रिस्पेरिडोन अर्धा मिलिग्रॅमपासून सुरू केलं. दोन आठवड्यांत चावणं थांबलं. लग्नाला गेलो, पंगतीत बसलो, घरी कोणी रडत आलं नाही. नऊ वर्षांत पहिल्यांदा.

पण भूक! जेवून उठला की दहा मिनिटांत परत ताटाशी. रात्री फ्रीजपाशी खुडबुड. शेवटी फ्रीजला दुचाकीची साखळी लावली, आणि ती लावताना मला माझीच लाज वाटली. स्टेशनबाहेर वडापावच्या गाडीवरून त्याला पुढे नेणं म्हणजे कुस्ती. चार महिन्यांत सहा किलो. दिवाळीनंतर गणवेशाची पँट कमरेत बसेना. मग एक दिवस आंघोळ घालताना दिसलं, छाती वाढल्यासारखी. मुलग्याची. बायकोला सांगायलाच मला दोन दिवस लागले.

प्रोलॅक्टिन नावाचं हार्मोन या औषधाने वाढू शकतं, त्यानेच असं होऊ शकतं, आणि त्याची रक्तचाचणी असते. वजन, कमरेचा घेर, साखर, कोलेस्टेरॉल यांवरही लक्ष ठेवायचं असतं. आम्हाला सुरुवातीला हे कोणी बोललं नव्हतं, तो राग अजून आहे. हे औषध ऑटिझममधल्या चिडचिडीसाठी अमेरिकेत २००६ पासून मंजूर आहे, म्हणजे त्रास काही कालपरवा कळलेला नाही. आता अ‍ॅरिपिप्राझोल या दुसऱ्या औषधावर आणलंय. वजन थांबलं, पण पहिले पंधरा दिवस पाय स्थिर नाहीत, रात्री दोनला गॅलरीत येरझाऱ्या. डोस कमी केल्यावर बसला. पुन्हा तोच प्रश्न विचारलात तर मी पुन्हा औषध देईनच. पण साखळी लावायच्या आधी विचारेन.

काउंटरपलीकडून

मेडिकलवाला आहे, नाव सांगत नाही. पालक आमच्यावर चिडतात म्हणून लिहितो. मिथाइलफेनिडेट 'शेड्युल एक्स'मध्ये, म्हणजे सरकारच्या कडक नियंत्रणाच्या यादीत येतं. त्याला वेगळा परवाना लागतो, माल कुलपात. चिठ्ठी दोन प्रतींत हवी, एक आम्ही दोन वर्षं ठेवतो. म्हणून पाच दुकानं फिरलात तर चार जण 'नाही' म्हणतात. तुमच्याकडे संशयाने बघत नाही हो, रजिस्टरकडे बघत असतो. गोळ्या संपायच्या आठवडाभर आधी निघा, महिनाअखेरीला धावत येऊ नका.

आणखी एक. औषधाचा त्रास झाला तर तो नोंदवायची सरकारी सोय आहे, फार्माकोव्हिजिलन्स. १८००-१८०-३०२४, टोल फ्री. रुग्ण स्वतः किंवा घरचेही कळवू शकतात. माझ्या दुकानात आजवर एकाही पालकाला हे ठाऊक नव्हतं.

दादरकरीण

पाचव्या दुकानातल्याने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं होतं, तो रजिस्टरकडे बघत नव्हता. पण नंबर लिहून घेतला.

गिरगाव_चाळ_क्र_३

मुलगी पंधरा. नैराश्यासाठी फ्लुओक्सेटिन. मी शिक्षिका, सगळं वाचून बसले होते. नैराश्यविरोधी औषधांच्या माहितीपत्रकावर मुलांबाबत काळ्या चौकटीतला इशारा छापायचा, असं अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००४ मध्ये ठरवलं. चाचण्यांमध्ये औषध घेणाऱ्या मुलांपैकी शंभरात साधारण चार जणांत आत्महत्येचे विचार किंवा तशी कृती दिसली, नुसत्या साखरेच्या गोळीवर दोघांत. त्या चाचण्यांत एकही मृत्यू झाला नव्हता, हे मात्र कोणी सांगत नाही. माझ्या डोक्यात तो 'चार' महिनाभर घण घालत होता.

दहाव्या दिवशी लेक रात्री दीडला उठून कपाट लावायला लागली. भराभर बोलणं, हात थरथर, 'आई, मला अंगातून पळावंसं वाटतंय.' आधीच्या उदासीपेक्षा हे मला भयंकर वाटलं. सकाळी फोन केला. डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं, सुरुवातीला आणि डोस बदलताना बेचैनी दिसली तर वाट बघू नका, कळवा. डोस निम्मा केला. चार रात्री मी तिच्या अंथरुणाशेजारी झोपले. गोळ्या गोदरेजच्या कपाटात, किल्ली माझ्या मंगळसूत्रात. हळूहळू निवळली. परवा भावाशी रिमोटवरून भांडली, मला पेढे वाटावेसे वाटले.

रात्री-अपरात्री कोणाशी बोलावंसं वाटलं तर टेलिमानस ही मनाच्या त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन, १४४१६. मराठीत बोलता येतं. आणि जिवाचं भय वाटलं तर फोन करत बसू नका, थेट हॉस्पिटल गाठा.

लालबागचे_आजोबा

नातवाला टिक्स (डोळे मिचकावणं, मान उडवणं, आपोआप होतं ते) आणि झोपेसाठी क्लोनिडिन होतं. गणपतीला गावी गेलो, पाकीट मुंबईतच. मी म्हटलं, चार दिवसांनी काय होतंय. तिसऱ्या दिवशी आरतीला पोराचं डोकं ठणकायला लागलं, छाती धडधड, चेहरा लाल. डॉक्टरांनी बीपी बघून पहिला प्रश्न केला, कुठली गोळी बंद केलीत? हे औषध एकदम सोडलं की बीपी उसळतं. सुनेने मला एका शब्दाने दुखावलं नाही, त्यामुळे जास्त लागलं. आता पाकीट देवाच्या सामानाबरोबर भरतो.

कुंडीतली_तुळस

मी पालक नाही. वय बावीस. लहानपणी औषधं घेणारा मुलगा मी होतो. नववीत पहिल्या तासाला डोळे मिटायचे, तोंडाला कोरड, जीभ टाळूला चिकटलेली, आणि सर म्हणायचे रात्रभर मोबाईल बघतो. घरात माझ्या वजनाचा तक्ता होता, झोपेचा तक्ता होता. मला कसं वाटतंय हे आईबाबा डॉक्टरांना माझ्यासमोर सांगायचे. मी सहा महिने गोळी गालात दाबून ठेवली आणि खिडकीतल्या तुळशीत पुरली. डॉक्टरांना वाटलं, औषध लागू पडत नाही. त्यांनी डोस वाढवला. तुळस तेव्हाच जळली, आई म्हणाली दृष्ट लागली.

आजही औषध घेतो, स्वतःच्या हाताने. चौथीतला आहे म्हणून काय झालं, त्याला विचारलंत का?

दादरकरीण

नव्हतं विचारलं. हे वाचून रात्री भात कालवताना विचारलं. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, 'गोळीने वर्गातला पंखा ऐकू येत नाही. आधी पंखाच ऐकू यायचा.'

मला बरं वाटतंय तोवर पुढे म्हणाला, 'पण मधल्या सुट्टीत सगळे हसतात ना, तेव्हा मला हसू येत नाही. घरी आल्यावर येतं.'

दोन्ही वाक्यं त्याच्याच शब्दांत वहीत लिहिलीत, वजनाच्या आकड्याखाली. शनिवारी साडेपाचची वेळ आहे. या वेळी तोही आत येणार आहे, आणि वही त्याच्याच हातात देणार आहे.