पाच दशकांची माळ, पण गोलात मोठे मणी चारच?

प्रश्न (सांजप्रार्थना): ऑक्टोबरपासून घरी रोज रोझरी (माळेच्या मण्यांवर म्हणायची कॅथलिक प्रार्थना) म्हणायची आहे. माळेत दशकं पाच (दशक म्हणजे दहा लहान मण्यांचा गट, त्याआधी प्रभूच्या प्रार्थनेचा एक मोठा मणी), पण गोलात मोठे मणी चारच दिसतात. मग पाचवी प्रभूची प्रार्थना कुठे म्हणायची? गोल आणि शेपटी जोडणाऱ्या पदकावर नमो मारिया (लहान मण्यांवरची मरियामातेची प्रार्थना) म्हणायची का? आणि रविवारी मिस्सा (चर्चमधला मुख्य उपासनाविधी) चालू असताना माळ ओढली तर चालते का?

वसईकर: माळ बरोबर आहे. एकूण मणी ५९, त्यांत ५३ लहान आणि ६ मोठे. गोलात ५० लहान, ४ मोठे. उरलेले क्रुसाकडच्या शेपटीत. क्रूस हातात धरून क्रुसाची खूण आणि प्रेषितांचा विश्वासांगीकार (श्रद्धेची कबुली देणारी प्रार्थना). पहिल्या मोठ्या मण्यावर प्रभूची प्रार्थना, पुढच्या तीन लहान मण्यांवर श्रद्धा, आशा आणि प्रीती वाढावी म्हणून तीन नमो मारिया, मग 'पित्याला, पुत्राला...' ही गौरवस्तुती. शेपटीतला दुसरा मोठा मणी पहिल्या रहस्याचा (रहस्य म्हणजे त्या दशकात मनन करायचा येशू-मारियेच्या जीवनातला प्रसंग). तुमचा हरवलेला पाचवा मणी तो हाच.

पदक हा मणी नाही. त्यावर नमो मारिया म्हटली की पहिल्या दशकात अकरा होतात. दहाव्या मण्यानंतर गौरवस्तुती म्हणायची ती मधल्या मोकळ्या साखळीवर. पुढच्या मोठ्या मण्यावर नवं रहस्य. गौरवस्तुतीनंतरची फातिमाची (पोर्तुगालमधल्या तीर्थस्थानाच्या नावाची) प्रार्थना १९१७ नंतर जोडली गेली, ती ऐच्छिक. पाचवं दशक संपलं की 'प्रणाम राणी' ही मारियेची समारोपाची प्रार्थना.

क्रूसछाया: सोमवारी आणि शनिवारी आनंदाची रहस्ये, मंगळवारी आणि शुक्रवारी दुःखाची, बुधवारी आणि रविवारी गौरवाची, गुरुवारी प्रकाशाची. प्रकाशाची पाच रहस्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी २००२ मध्ये सुचवली. त्याआधी रहस्ये १५ होती. जुन्याच क्रमाने म्हणणाऱ्यांना चुकीचं ठरवू नका, ही भर त्यांनी सक्तीची केलेली नाही.

मिस्साबद्दल मात्र स्पष्ट सांगतो: मिस्सात माळ नको. पोप सहावे पॉल यांनी १९७४ मध्ये हे चूक म्हणून नोंदवलंय. रोझरी ही भक्ती आहे, उपासनाविधीचा भाग नव्हे. ती मिस्साकडे नेते, मिस्साची जागा घेत नाही. मिस्साआधी वीस मिनिटं या आणि पाच दशकं शांतपणे म्हणा.

वसईकर: घरच्या प्रार्थनेत बिघडतं ते वेगामुळे. एकाने नमो मारियाचा पूर्वार्ध म्हणायचा, बाकीच्यांनी 'पवित्र मारिया'पासून. पूर्वार्धाच्या शेवटाकडे येशूचं नाव येतं आणि बाकीचे नेमके तिथेच घुसतात. ज्याच्यासाठी सगळी प्रार्थना, त्याचंच नाव बुडतं. म्हणून पुढच्याचं वाक्य पुरतं संपू द्या. एका दशकाला चारेक मिनिटं लागली तरी हरकत नाही.

रहस्याचं नाव घेतल्यावर लगेच मोठ्या मण्याकडे धावू नका. 'येशूचा जन्म' म्हटलंत तर बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानातल्या अध्याय २ मधल्या दोन-तीन ओळी वाचा, क्षणभर थांबा, मग सुरुवात करा. मनन नसेल तर उरते फक्त मोजणी, आणि मुलं कंटाळतात तीही त्यामुळेच. लहान मुलं असतील तर सुरुवातीला रोज एकच दशक म्हणा, पण ते नीट म्हणा.

सांजप्रार्थना: म्हणजे गुरुवारी सुरू केलं तर पहिलं रहस्य यार्देन नदीतला बाप्तिस्मा?

क्रूसछाया: हो. मग काना गावातलं लग्न, देवराज्याची घोषणा, येशूचं रूपांतर आणि शेवटी पवित्र मिस्साची स्थापना. दुसऱ्या रहस्यासाठी योहानच्या शुभवर्तमानाचा अध्याय २ काढून ठेवा.