संध्याकाळी हालोलहून परतताना लक्ष का सुटतं?

रावपुरा४१
माझं वय ४१, माहेर-सासर दोन्ही बडोद्यातच. रोज रावपुऱ्याहून हालोल जीआयडीसीला (औद्योगिक वसाहतीत) स्वतः गाडी चालवत जाते, जायचेच चाळीसेक किलोमीटर. दिवाळीनंतर एडीएचडीचं, म्हणजे लक्ष एका जागी न टिकण्याच्या विकाराचं, निदान झालं. खरं तर मुलाला दाखवायला नेलं होतं, त्याची प्रश्नावली भरता भरता माझंच सगळं बाहेर आलं.

सकाळी आठला त्यावरच्या औषधाची, मिथाइलफेनिडेटची, १० मिलिग्रॅमची साधी गोळी घेते. जाताना रस्ता नीट दिसतो, आरशाकडे नजर आपोआप जाते. घोळ होतो तो संध्याकाळी. मंगळवारी वाटेतलं जरोद गाव कधी मागे पडलं कळलंच नाही, आणि समोर ट्रॉलीवाला ट्रॅक्टर, मागे दिवा नाही. ब्रेक लागला, हातभर अंतर उरलं. गाडी कडेला घेऊन दहा मिनिटं बसून होते. डबा पायाशी सांडला होता, तो उचलायचंही सुचलं नाही.

सासूबाई म्हणतात गोळीमुळेच झालं, बंद कर. ह्यांचं म्हणणं, ऑटोमॅटिक गाडी घेऊ. काय करू?

मांडवीचा औषधवाला
ताई, आधी जपून राहा. मी डॉक्टर नाही, पण तुमची वेळ बघा. साध्या गोळीचा असर साधारण चार तास, म्हणजे दुपारी बाराला संपला. संध्याकाळी तुम्ही औषधाविनाच चालवत होता. काहींना तर असर उतरताना जास्तच विस्कळीत वाटतं. आठ ते बारा तास चालणाऱ्या गोळ्याही असतात. पण मनाने दुपारची दुसरी गोळी सुरू करू नका. नाडी, बीपी, झोप बघून डॉक्टरच ठरवतील. उशिरा घेतली की झोप उडते, आणि अपुऱ्या झोपेने गाडी चालवणंही धोक्याचंच.

अलकापुरी_दादा
माझ्या धाकट्या भावालाही हेच आहे, म्हणून वाचलं होतं. २०१७ साली अमेरिकेत एडीएचडी असलेल्या २३ लाखांवर लोकांच्या विमा-नोंदी तपासल्या. एकाच माणसाचे औषध घेतलेले आणि न घेतलेले महिने समोरासमोर ठेवले. औषधाच्या महिन्यांत वाहन-अपघातामुळे तातडीच्या विभागात जावं लागण्याची शक्यता पुरुषांत ३८ आणि स्त्रियांत ४२ टक्के कमी निघाली. सासूबाईंना हा स्त्रियांचा आकडा जरूर सांगा.

गाडीचं म्हणाल तर घाई नको. अमेरिकेतच एडीएचडीच्या किशोरवयीन मुलांवर सिम्युलेटरवर (गाडी चालवण्याचा आभास देणाऱ्या यंत्रावर) छोटा प्रयोग झाला होता, त्यात गिअरच्या गाडीत त्यांचं लक्ष जास्त टिकलं. मुलांवरून तुमचं ठरवता येणार नाही, पण भाऊ गिअरचीच चालवतो. हात-पाय कामात असले की डोकं रस्त्यावर राहतं, असं तो म्हणतो. फोन मात्र डिकीत.

रावपुरा४१
वेळेचा हिशोब मी कधी केलाच नव्हता, वाचून रडू आलं. आज डॉक्टरांना फोन केला, शुक्रवारी बोलावलंय. कोणत्या वेळी गाडी चालवते हे त्यांनी विचारलं नव्हतं, मीही सांगितलं नव्हतं. तोवर कंपनीच्या बसने जातेय. सासूबाईंना दादांचं उत्तर वाचून दाखवलं. त्यांनी दोनदा वाचायला लावलं.