सरकारी घरांची यादी: आधी गरज की आधी रांग?

रांगेतला: सरकारी भाड्याची घरं वाटताना अर्जाच्या तारखेला निम्मं तरी वजन हवं, असं माझं स्पष्ट मत आहे. बऱ्याच देशांत अडचणींचे गुण मोजतात: आजारपण, दाटीवाटी, बेघर असणं. ऐकायला हे न्याय्य वाटतं. पण पोटाला चिमटा काढून ज्याने भाडं थकू दिलं नाही, त्याचा नंबर खालीच सरकत राहतो, कारण त्याच्याहून अडचणीतला कुणीतरी रोज वर येतो. ब्रिटनमध्ये १९७७च्या कायद्याने बेघर कुटुंबांची जबाबदारी स्थानिक परिषदांवर आली. तेव्हापासून यादीत ताटकळणाऱ्यांची हीच तक्रार आहे. नीट वागणाऱ्याला शिक्षा का?

मीठमिरची: साफ असहमत. रांगही निष्पक्ष नसते हो. स्टॉकहोममध्ये घर मुख्यतः रांगेतल्या वर्षांवर मिळतं आणि १८ पूर्ण झाली की नाव घालता येतं. म्हणजे ज्याच्या आईबापांना हे ठाऊक, त्याचं नाव वाढदिवसालाच लागणार. काल नवऱ्याचा मार चुकवून बाहेर पडलेल्या बाईची मोजणी मात्र शून्यापासून. सरासरी प्रतीक्षा नऊएक वर्षांची. तेवढी वर्षं तिने काढायची कुठे?

रांगेतला: तिच्यासाठी वेगळी घरं राखून ठेवा, कोण नको म्हणतंय? मी उरलेल्या भल्यामोठ्या यादीबद्दल बोलतोय.

टेबलापलीकडून: अशा अर्जांची छाननी केलेला माणूस म्हणून सांगतो, गुण मिळतात ते तक्त्यात बसणाऱ्या अडचणीला. इंग्लंडमधला खोल्यांचा निकष बघा. भाऊ-बहीण दोघंही दहाच्या आत असतील तर एक खोली पुरेशी. थोरली दहाची झाली की खोली कमी पडते. खोली तीच, पलंग तोच, धाकट्याचं रात्री लाथा मारणंही तेच. पण कागदावर कुटुंब एका दिवसात अडचणीत येतं.

मग लोक तक्ता बघून वागायला लागतात. पोटच्या पोरीला 'घराबाहेर काढतोय' असं पत्र आईबापच लिहून देतात, कारण बेघर ठरल्याशिवाय तिचा नंबर हलत नाही. म्हणून मुद्दाम परिस्थिती बिघडवणाऱ्याला मागे टाकायचे नियम आले. आता पत्र खरं की खोटं, हे ठरवायचं टेबलावरच्या माणसाने. खऱ्याला खोटं ठरवलं तर एक कुटुंब रस्त्यावर, उलट झालं तर रांगेतले अंगावर.

मीठमिरची: मग तक्ता दुरुस्त करा ना. तो फाडून तारखेचा शिक्का मारला की खोटी पत्रं थांबतील, पण खऱ्या अडचणीही दिसेनाशा होतील.

सोडतवाला: किमान गरज ठरवा आणि त्यात बसणाऱ्या सगळ्यांच्या चिठ्ठ्या टाका. सिंगापूरला नव्या घरांची सोडतच निघते.

टेबलापलीकडून: ती ९९ वर्षांच्या पट्ट्याने विकत घ्यायची घरं आहेत. इथे विषय भाड्याच्या घरांचा. चौथ्यांदा चिठ्ठी न निघालेल्या म्हातारीला समजावायला तुम्ही या.

एकटाजीव: आम्हा एकट्यांचं काय? हाँगकाँगमध्ये कुटुंबांना सरासरी तीन वर्षांत घर द्यायचं उद्दिष्ट आहे (पाळलं जात नाही, ते सोडा). साठीच्या आतल्या एकट्यांना ते लागूच नाही. त्यांच्यासाठी २००५पासून निराळी गुणपद्धत आहे: अर्जाच्या वेळी वय जास्त तर गुण जास्त, शिवाय थांबण्याचे वेगळे. रांगेतले, ही घ्या तुमची तारीख! तिशीतल्याने केस पिकायची वाट बघायची.

गच्चीवाला: घरं वाढवा की. व्हिएन्नात महापालिकेची सुमारे २ लाख २० हजार घरं आहेत आणि उत्पन्नाची मर्यादा एवढी वर की मध्यमवर्गही त्यात बसतो.

मीठमिरची: तिथेही शहरात दोन वर्षं राहिल्याची अट आहेच. म्हणजे परक्याला दार बंद ठेवून यादी आटोक्यात.

रांगेतला: आणि घरं बांधून होईपर्यंत? आज एक घर रिकामं झालंय, किल्ली कुणाला द्यायची ते सांगा.

मीठमिरची: जास्त गरजेला. गरज सारखी असेल तर आधी आलेल्याला. इंग्लंडमधल्या कित्येक परिषदा हेच करतात: आधी गट, मग गटात तारीख.

रांगेतला: म्हणजे खालच्या गटातला दहा वर्षं थांबला तरी खालच्याच गटात. मला नेमकं तेच बदलायचंय: ठरावीक वर्षं झाली की गट एक पायरी वर.

टेबलापलीकडून: किती वर्षांनी, ते आधी लिहा. पाच म्हणालात तर मी तुमच्या बाजूने, दोन म्हणालात तर मीठमिरचीताईंच्या.