मदत हवी आहे: कोचीत जहाज सात तास थांबणार, आईला काय दाखवू?

मुंबईहून क्रूझने निघतोय. सोबत आई, वय ७२, गुडघे दुखतात. कोचीला जहाज विलिंग्डन बेटावर लागेल, शनिवारी सकाळी आठ ते दुपारी तीन. मट्टनचेरीतलं १५६८ सालचं सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) शनिवारी बंद, म्हणून ते सोडलं. पण मट्टनचेरीच्याच राजवाड्यातली रामायणाची भित्तिचित्रं आईला बघायचीच आहेत. तिनं आयुष्यभर शाळेत चित्रकला शिकवलीय. तिथं जिना फार चढावा लागतो का? नंतर फोर्ट कोचीतली मासेमारीची चिनी जाळी आणि सेंट फ्रान्सिस चर्च (वास्को द गामाला १५२४मध्ये आधी तिथंच पुरलं होतं) जमेल? रिक्षा दिवसभरासाठी ठरवावी की वॉटर मेट्रो (बोटसेवा) बरी? साधं शाकाहारी जेवण कुठं मिळेल? नुकतंच जाऊन आलेल्यांनी कृपया सांगा.