देवळालीत बदली, लेकीचं सातवीचं मराठी: मदत हवी आहे

नमस्कार. माझे मिस्टर तोफखान्यात आहेत. गेल्या महिन्यात पठाणकोटहून देवळाली कॅम्पला बदली झाली. लेक सातवीत, ही तिची चौथी शाळा. २०२० च्या कायद्याने राज्यात सगळ्या बोर्डांच्या शाळांत मराठी सक्तीचं आहे. घरी ती छान मराठी बोलते, पण लिहिताना ‘ळ’च्या जागी ‘ल’ येतो, जोडाक्षरांत अडखळते. वर्गात मुलं हसली, तेव्हापासून बोलायचंही टाळते. गणित-विज्ञान भरून निघेल. पण मैत्रिणी तुटल्या, ते तिला फार लागलंय. रात्री विचारते, “इथून कधी जायचं?”

देवळाली, भगूर किंवा नाशिकरोडला धीराने मराठी लिहायला शिकवणाऱ्या कोणी ताई माहीत आहेत का? आणि फौजी घरातल्या मैत्रिणींनो, तुमची मुलं नव्या वर्गात कशी रुळली?